लासुर्ण्याचं डावं वळण

दिवाळीच्या फराळाचे डबे घासून फळीवर उपडे घातले, की आमच्या घरात रॅलीची गडबड सुरू व्हायची. वालचंदनगरच्या कॉलनीत आमचं क्वार्टर ओळीतलं शेवटून दुसरं. पुढे लांबट व्हरांडा, मागे पेरूचं झाड आणि आईने वांग्या-मिरच्यांसाठी केलेले दोन वाफे. त्या दिवसांत उसाचं गाळप नुकतंच सुरू झालेलं असायचं, त्यामुळे मळीचा आंबूस-गोड वास पडद्यांत, अंथरुणांत, माझ्या कॉलेजच्या वह्यांतसुद्धा बसलेला असे. पाळीचा भोंगा झाला की आई कुकर लावायची, आणि थोड्या वेळाने व्हरांड्यात सायक्लोस्टाइलचं मशीन फिरायला लागायचं. खटक-खर्र, खटक-खर्र. अण्णा हँडल फिरवायचे, मी ओले कागद एकेक करून सतरंजीवर पसरायचे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्या शाईच्या हातांनी पोह्यांना हात लावू नका कुणी!" तरी पोह्यांच्या बशांवर काळे ठसे उमटायचेच.

अण्णा म्हणजे माझे वडील. कंपनीच्या मशीन शॉपमध्ये इंजिनिअर होते आणि बारामतीच्या हौशी मंडळींनी काढलेल्या मोटार क्लबचे सेक्रेटरी होते. रॅली म्हटलं की लोकांना धुरळा उडवत सुसाट जाणाऱ्या गाड्या दिसतात. आमची रॅली तशी नव्हती. कोण आधी पोचतो याला तिच्यात किंमतच नव्हती. अमुक टप्पा ताशी अमुक वेगाने जायचा, असं ठरवून दिलेलं असे. त्या हिशेबाने जी वेळ येईल त्याच मिनिटाला गाडी चौकीवर यायला हवी. लवकर आली तरी गुण गेले, उशिरा आली तरी गेले. आणि रस्ता सांगायला प्रत्येक गाडीत एक पुस्तक दिलेलं असे. किती किलोमीटरवर कुठली खूण, तिथे डावीकडे की उजवीकडे, एवढंच त्यात असायचं. शेजारी एक बाण. ते बाण स्टेन्सिलवर मी काढायचे. माझा हात सरळ होता, याचा अण्णांना फार अभिमान. क्लबातल्या कुणालाही सांगायचे, "पुस्तक आमच्या शुभाचं आहे. डोळे मिटून गाडी घाला."

गाड्या चालवणाऱ्यांचे फोटो निघायचे, ढाली त्यांना मिळायच्या. पण एका दिवसाची ती रॅली उभी करायला चाळीसेक माणसं दोन महिने राबत असत, त्यांचं नाव कुठेच यायचं नाही. मामलेदार कचेरीत परवानगीचा अर्ज घेऊन बसणारे, चौक्यांवर घड्याळ मांडीवर घेऊन उन्हात बसणारे, शेवटच्या गाडीमागे दोरखंड घेऊन जाणारे. आई तर सभासदसुद्धा नव्हती, पण त्या चाळीस माणसांसाठी पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून द्यायची. आदल्या दिवशी घरात कणकेचा डोंगर असायचा. शेजारच्या बायका पाट-लाटणी घेऊन यायच्या. मला वाटतं, माझ्या तरुणपणातल्या सगळ्यात आनंदाच्या संध्याकाळी त्याच. म्हणूनच पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

भगवानतात्या याच चाळिसांतले एक. ते लासुर्ण्याचे. घरची थोडी बागायत होती आणि अण्णांच्या हाताखाली फिटर म्हणून नोकरी. उंच, काटकुळे, गळ्यातली तुळशीमाळ अधांतरी लोंबेल इतकी मान पुढे काढून चालायचे. रस्त्याकडेच्या गावांत गाड्या जायच्या तर लोकांना आधी विश्वासात घ्यायला लागायचं, आणि ते काम क्लबातल्या वकील-डॉक्टरांना जमण्यासारखं नव्हतं. ते तात्या करायचे. सायकल घेऊन वस्तीवस्तीवर जायचे, ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे आणि सांगायचे, "दोन तासांचं काम हाय. शेरडं-करडं, कोंबड्या तेवढी बांधून ठिवा. तुमच्या बांधाला चाक लागलं तर मला धरा." लोक हो म्हणायचे ते रॅलीला नाही, तात्यांना.

त्या वर्षी लासुर्ण्यापाशी कॅनॉलच्या कडेकडेने एक टप्पा होता. आदल्या वर्षीही तो होता. कॅनॉलच्या भरावावरून पावणेदोन किलोमीटरच्या थोडं पुढे गेलं की एक विहीर लागायची, तिथून डावीकडे बांधावरची वाट धरून पुन्हा डांबरीवर यायचं. पण यंदा ती वाट राहिली नव्हती. हौसाआक्का नावाच्या बाईंची ती जमीन. त्यांनी वाट मोडून तिथे कांद्याच्या रोपाचे वाफे टाकले होते. त्याऐवजी विहिरीपुढच्या पंप-घराच्या पलीकडून जायला त्या कबूल झाल्या होत्या, तेही तात्यांनी तीनदा खेटे घातल्यावर. तात्यांनी ते अण्णांना शॉपमध्ये सांगितलं, "साहेब, वाट जरा फुडं सरकली हाय. ताई रविवारी मोजायला येतील तवा समक्ष दावतो." अण्णांनी मला सांगितलं. मी हो म्हटलं.

मोजणीला जीप असायची. जीप शिरीषची. तो पुण्याचा, बारामतीत मामाकडे राहून नोकरी करणारा. तो चालवायचा, मी मीटर वाचून वहीत लिहायचे. आईला हे पसंत नव्हतं, पण शिरीषची बहीण सोबत असते म्हणून ती गप्प बसायची. त्या रविवारी बहिणीला ताप होता. हे मला कॉलनीच्या फाटकापाशीच कळलं. घर तिथून शंभर पावलांवर. मी मागे जाऊन आईला सांगू शकले असते. मी जीपमध्ये चढले.

काटेवाडीपासून जंक्शन नावाच्या गावापर्यंत सगळं नीट मोजलं. ऊन चढलं होतं, दोन्ही बाजूंनी उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या, शिरीष पुण्यातल्या कसल्या कसल्या गोष्टी सांगत होता आणि मी हसत होते. लासुर्ण्याचा कॅनॉल तेवढा राहिला होता. तो म्हणाला, "तो टप्पा काय, मागच्याच वर्षीचा आहे. चल, उजनीचं पाणी बघून येऊ." मी म्हटलं, तिथे तात्या थांबले असतील. तो म्हणाला, "कुणी नाही आलं की जातील घरी." जीप सरळ इंदापूरच्या रस्त्याने गेली. धरणाच्या फुगवट्याचं पाणी तिथे शेतांपर्यंत आलेलं असतं. काठावर बसून आम्ही पेरू खाल्ले. त्याने माझा हात धरला, अर्धवट, आणि मी तो सोडवून घेतला, तोही अर्धवट. एवढंच. पण त्या काळी, त्या कॉलनीत, एवढ्यावर मुलीचं कॉलेज बंद होत असे.

परतताना जीपमध्येच मी मागच्या वर्षीचं पुस्तक मांडीवर उघडलं. त्यात विहिरीचं वळण एक पॉइंट ऐंशीवर होतं. मी वहीत एक पॉइंट ब्याऐंशी लिहिलं. खरं मोजमाप असं गुळगुळीत आकड्यावर कधी येत नाही, हे अण्णांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. ते शिकवलेलं मी असं वापरलं. आजही मला त्या सगळ्या प्रकरणात जीपमध्ये बसल्याची, पेरू खाल्ल्याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती शून्याच्या जागी लिहिलेल्या त्या दोनाची. कारण तिथे मी चुकले नव्हते, तिथे मी अक्कल लढवली होती.

रॅलीच्या दिवशी थंडी होती. बारामतीहून गाड्या एकेका मिनिटाच्या अंतराने सुटल्या. माझी नेमणूक जंक्शनच्या चौकीवर होती. मी दंडाला पट्टी बांधून, घड्याळ समोर ठेवून बसले होते आणि पहिली गाडी यायची वेळ टळून गेली तरी कोणी येईना. दुसरीची वेळ गेली. तिसरीची गेली. मग तात्यांच्या वस्तीवरचा एक माणूस सायकलवरून धापा टाकत आला आणि म्हणाला, "मोटारी आक्काच्या वाफ्यात घुसल्यात. चला बिगीबिगी."

मी पोचले तेव्हा सात गाड्या आत गेलेल्या होत्या. वाफ्यांना सकाळीच पाणी दिलेलं. पहिली ॲम्बॅसिडर चाकांच्या आसापर्यंत रुतली होती, तिला चुकवायला दुसरी बाजूने गेली होती, तिला चुकवायला तिसरी अजून बाजूने. हिरव्या पोपटी रंगाची, बोटभर उंचीची, केसासारखी बारीक रोपं चिखलात लोळवलेली होती. पाण्याचा पाइप फुटून कारंजं उडत होतं. नव्या वळणावर, पंप-घरापाशी झेंडा घेऊन उभ्या असलेल्या तात्यांना गाड्या अलीकडेच वळताना दिसल्या होत्या आणि ते ओरडत पळत सुटले होते. चालवणाऱ्यांना वाटलं, गावातला कोणी माणूस हौसेने झेंडा हलवतोय. शेवटी आठव्या गाडीपुढे ते दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्या गाडीतला माणूस काच खाली करून त्यांच्यापुढे पुस्तक नाचवत होता. "हे बघा, इथे लिहिलंय! विहिरीपाशी डावीकडे! तुम्ही कोण अडवणारे?" आणि तात्या एकच सांगत होते, "आवो लिवलं आसंल, पर हितं माणसाचं रोप हाय!"

हौसाआक्का बांधावर उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कासोटा घातलेल्या. त्या गाडीवाल्यांशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या तात्यांकडे बघत होत्या. "भगवाना," त्या म्हणाल्या, "तुझ्या शब्दावर वाट दिली मी. मोटारवाल्यांच्या न्हाय." तात्यांच्या धोतराला मांड्यांपर्यंत चिखल होता. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि वाकून फुटलेल्या पाइपावर हात दाबून धरला.

तो टप्पा रद्द झाला. उरलेल्या गाड्या डांबरीने इंदापूरला नेल्या. दुपारी तिथल्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात क्लबची मंडळी जमली. पलीकडे मांडवात जेवणावळ चालली होती, आईच्या पुऱ्यांचा वास येत होता. कोणी म्हणत होतं पुस्तक चुकलं, कोणी म्हणत होतं चौकीवाला चुकला. अण्णा शांत होते. त्यांनी वही मागवली, माझीच, आणि ते पान उघडलं.

"एक पॉइंट ब्याऐंशी," ते म्हणाले. "हा आकडा कोणी अंदाजाने लिहीत नाही. हे मोजलेलं आहे." मग माझ्याकडे वळले. "शुभा, भगवानरावांनी त्या दिवशी तुला नवी वाट दाखवली ना?"

शिरीष माझ्या शेजारी उभा होता. तो जमिनीकडे बघत होता. आई मांडवातून हात पुसत आली होती आणि खांबापाशी थांबली होती. तात्या पायरीवर होते, वर आले नव्हते, पायांना चिखल होता म्हणून.

मी म्हटलं, "त्यांनी जिथे दाखवलं, तिथेच मी मोजलं."

हे वाक्य मी आधी जुळवलं नव्हतं. ते तोंडात तयार होतं. मला नंतर कित्येकदा वाटलं की नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण मी त्यांचं नाव घेऊन त्यांच्यावर ढकललं, आणि माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

अण्णा तात्यांकडे वळले. "भगवानराव?"

तात्या गप्प राहिले. बराच वेळ, निदान मला तसं वाटलं. मांडवात कोणीतरी पाणी मागत होतं. मग ते म्हणाले, "व्हय साहेब. मीच जुनी वाट दावली. माझीच चूक झाली."

"मग आज तुम्ही पुढे पंप-घरापाशी का उभे होतात?"

"इसरलो, साहेब."

क्लबातले एक गृहस्थ हसून म्हणाले, "सकाळी सकाळीच घेतली होती काय हो तात्या?" आणि दोघं-चौघं हसले. गळ्यात माळ असलेला तो माणूस, कधी थेंबाला शिवला नव्हता. अण्णा हसले नाहीत. पण ते जे म्हणाले ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "भगवानराव, रॅली एकमेकांवरच्या भरवशावर चालते. इथून पुढे तुम्ही येऊ नका." तात्यांनी दंडावरची पट्टी सोडली, चिखल लागला होता तो भाग आत घडी करून ती पायरीवर ठेवली आणि चालत स्टँडकडे गेले. ते जेवले नव्हते.

नंतर क्लबाने नुकसान भरून दिलं. पण रोपाचा हंगाम काही भरून देता येत नाही. दोन दिवसांनी आई म्हणाली, आपण जाऊन निदान त्या बाईंना हातभार लावू. तिला कसलाच संशय नव्हता, तिला फक्त वाईट वाटलं होतं. आम्ही एसटीने लासुर्ण्याला गेलो. आक्का आणि दोघी बायका वाफ्यांत बसून चिखलातली जगण्यासारखी रोपं एकेक करून वेचत होत्या. आईने पदर खोचला आणि त्यांच्यात बसली. मीही बसले. ती रोपं धरायची म्हणजे बोटांच्या टोकांत हलकेच धरावी लागतात, नाहीतर मानेतच मोडतात. दुपारी आक्कांनी आम्हाला बाजरीची भाकरी, ठेचा आणि दही वाढलं. "पोरगी लई नाजूक, बसलीय उन्हात," त्या आईला म्हणाल्या, "तिला आजून घाला दही." मी ते दही खाल्लं. मग त्या गावच्या गोष्टी सांगू लागल्या, आणि म्हणाल्या, "भगवान्याच्या भरवशावर आता कोण ऱ्हातंय? काल पाण्याच्या पाळीचं बोलायला बसले तर कुणी त्येला इचारलं बी न्हाय."

तात्या पलीकडे पाण्याच्या चारीचं तोंड बांधत होते. कामावरून रजा काढून आले होते. मी पाणी आणायचं निमित्त करून विहिरीकडे गेले आणि त्यांच्यापाशी उभी राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मी एवढंच विचारलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

त्यांनी खोरं थांबवलं. "त्या दिशी मी चार वाजंपातूर हितं बसून हुतो, ताई. जेवायबी गेलो न्हाय, म्हटलं चुकामूक व्हईल. मग जीप दिसली. इंदापूरच्या रस्त्यानं माघारी येनारी. दोघंच हुता तुमी." मग म्हणाले, "तुमी आला न्हाई म्हटलं आसतं, तर साहेब फुडं इचारणार, मग कुठं हुतीस. चार लोकांत. मला दोन पोरी हायत."

मला वाटलं, संपलं. ते पुन्हा खोरं मारायला लागले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर मी जरा वेळ थांबलो हुतो. म्हटलं, ताई बोलत्यात काय बगावं."

व्हरांड्यातला तो वेळ म्हणजे काय होतं, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी मला जागा करून दिली होती, आणि मी तिथे नुसती उभी राहिले होते.

आता लोकांना वाटेल की त्या संध्याकाळी घरी जाऊन मी सगळं सांगितलं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगेन असं ठरवलं, मग परीक्षा झाल्यावर, मग लग्न ठरल्यावर. शिरीष वर्षभरात पुण्याला परत गेला. त्याला दोष देऊन मी बरीच वर्षं काढली, पण विचारलं होतं मला, त्याला नाही. लासुर्ण्याच्या लोकांनी पुढे रॅलीला वाट दिली नाही. मी बारामतीत संसार केला, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पोरं उत्तर शेजारच्याच्या वहीत बघून एखादा अंक बदलून लिहायची. माझ्या नजरेतून ते कधी सुटलं नाही. सहकारी विचारायच्या, तुम्हाला कसं कळतं हो?

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे राहायला आले. ऐंशी ओलांडली होती, पण डोकं लख्ख. तीन वर्षांपूर्वी नव्या क्लबातली दोन मुलं त्यांना भेटायला आली, सत्काराचं आमंत्रण घेऊन. एक मुलगा, एक मुलगी. त्यांच्या रॅलीत आता सगळं मोबाइलवर असतं, पण चौक्यांवर उन्हात बसायला माणसं अजून लागतातच, असं ती मुलगी म्हणाली. तिच्या दंडावर उन्हाचा पट्टा उमटलेला होता. अण्णा खुलले. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा ते सांगत होते, "माणसं निवडताना जपा. आमचा एक फिटर होता, भगवानराव. गुणी माणूस, पण ऐन वेळी कच खाल्ली. सात गाड्या शेतात घातल्या त्याने. पुस्तक बरोबर होतं, मोजलेलं होतं. माणूस चुकला." ती मुलगी हे मन लावून ऐकत होती. तिने ते नाव मोबाइलमध्ये टिपून घेतलं की काय, कोण जाणे, पण मला तसं दिसलं.

मुलं गेली. मी कप उचलले, आत नेऊन ठेवले, परत आले आणि अण्णांसमोरच्या खुर्चीवर बसले. सगळं सांगितलं. जीप, उजनी, ब्याऐंशी, सगळं. साठीला टेकलेली बाई बापासमोर मान खाली घालून बोलत होती. मी थांबल्यावर अण्णा म्हणाले, "जिवंत आहे का तो?"

"आहेत. लासुर्ण्यालाच असतात."

"गाडी काढ."

तात्या ओसरीवर खाटेवर बसले होते. पार वाळले होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर हिरवा चश्मा. सुनेने नाव सांगितल्यावर धडपडत उठले. "साहेब! तुमी कशाला येवढं, निरोप धाडायचा." अण्णा बसले नाहीत. काठी भिंतीला टेकवून त्यांनी दोन्ही हात जोडले. "भगवानराव, मला आज कळलं," ते म्हणाले. "पुस्तक खोटं होतं. मी तुमचा चार लोकांत अपमान केला. मला माफ करा."

तात्यांना आधी काही उमगलंच नाही. ते माझ्याकडे बघू लागले, मग अण्णांकडे. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज कळलं? म्हंजी तुमाला ठावं न्हवतं?"

अण्णा तसेच उभे.

"मला वाटलं, त्याच सांजला घरात तुमाला कळलं आसंल," तात्या म्हणाले. "ताई सांगितल्याबिगर ऱ्हायच्या न्हाईत, आसं वाटलं हुतं. मग तुमी काय बोलला न्हाई. म्हटलं, पोरीचा मामला हाय, साहेबांनी झाकलं. कुनीबी बाप झाकंल. मी त्येचा राग न्हाय धरला, साहेब. देवाशप्पत न्हाय."

सुनेने चहा आणला. अण्णा बसले, अखेर. दोघं म्हातारे बराच वेळ शेजारी शेजारी बसून राहिले. मशीन शॉपमधल्या कुठल्याशा जुन्या लेथबद्दल थोडं बोलले, कोण गेलं, कोण राहिलं ते बोलले. हौसाआक्का चार वर्षांपूर्वी गेल्याचं तात्यांनी सांगितलं. त्यांना खरं सांगायचं माझं राहून गेलं. मी ओसरीच्या कडेला उभी होते. मला कोणी बस म्हटलं नाही आणि मी बसले नाही. निघताना मी वाकून तात्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तो हात हलका होता. त्यात माफी होती की नुसती सवय, मला सांगता येणार नाही.

परतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. ट्रॅक्टरांच्या मागे मागे गाडी सावकाश चालली होती. काटेवाडी येईपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, ते मला बोलतील. मी त्याची वाटच बघत होते. मग ते बोलले, पण माझ्याशी नव्हे, काचेशी.

"मी रिटायर होईपर्यंत तेरा वर्षं," ते म्हणाले, "रोज सकाळी गेटवर तो मला नमस्कार करायचा. मला ठाऊक आहे असं समजून. आणि मी तो घ्यायचो."